भिंतीआडचा आवाज : वायफाय कॉलिंग भारतात उशिरा का आले?

१ जानेवारी २०२६ रोजी भारत संचार निगमने (बीएसएनएल) देशातील सर्व परिमंडळांत वायफायवरून साधा फोन करण्याची सोय सुरू केल्याचे जाहीर केले. खासगी कंपन्यांकडे ही सोय २०१९ च्या अखेरीपासून येऊ लागली होती, त्यामुळे नववर्षाच्या गर्दीत ही बातमी फारशी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. ज्या घरात मोबाईल हाती घेऊन खिडकीशी, गच्चीवर किंवा अंगणात गेल्याखेरीज बोलता येत नाही, त्या घरासाठी मात्र ती लहान नव्हती. घरात वायफाय आहे, त्यावर चित्रपट दिसतो, मुलांचे वर्ग चालतात; मग तीच वाट धरून नेहमीच्या क्रमांकावरचा फोन का येऊ नये? हा प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मिळायला भारतात इतकी वर्षे का लागली, हे समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्रापेक्षा कायद्याचा आणि हिशेबाचा इतिहास अधिक उलगडावा लागतो.

तरीही आरंभ भौतिकशास्त्रापासूनच करणे भाग आहे, कारण मूळ अडथळा भिंतीचा आहे.

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. दूर ठेवलेली घंटा तारेवाचून वाजली, बंदुकीची दारू तारेवाचून पेटली. पाहणाऱ्यांना वाटलेला अचंबा आज कल्पनेनेच जाणावा लागतो. बोस यांनी पुढे ज्या लहरींवर काम केले, त्यांतील काहींची लांबी अवघी पाच-सहा मिलिमीटर होती. त्यांची वारंवारिता ६० गिगाहर्ट्झच्या आसपास येते, आणि आधुनिक वायफायच्या एका अतिवेगवान प्रकारात तोच पट्टा वापरला जातो. इतक्या आखूड लहरी मात्र घराच्या भिंतीपाशीच थबकतात. सर्वसाधारण नियम असा की, लहर जितकी आखूड, तितका तिला वीट, काँक्रीट आणि ओलावा यांचा अडसर मोठा.

बोस यांच्या प्रात्यक्षिकाला शंभर वर्षे होत असताना, त्याच शहरात, ३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिला मोबाईल संवाद झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू रायटर्स बिल्डिंगमधून बोलले आणि दिल्लीच्या संचार भवनातून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांनी उत्तर दिले. त्या काळच्या जीएसएम जाळ्यांना ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला होता. त्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे हातभरही नाही. तरी ती विटेच्या भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. पुढे ग्राहक वाढले, पट्टे अपुरे पडले आणि १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरात आले. प्रत्येक पायरीला वेग वाढला आणि लहर आखूड झाली. त्याच वर्षांत घरेही बदलली. लोखंडी सळ्यांचे जाळे पोटात असलेले काँक्रीट, उष्णता परतवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या काचा, इमारतीखाली दोन-दोन मजल्यांची तळघरे यांमुळे बाहेरून येणाऱ्या लहरीचा मार्ग अधिकाधिक कठीण होत गेला. मोबाईल जितका ‘प्रगत’ झाला, तितकी घराच्या आतली रेंज काही ठिकाणी खालावली, यात त्यामुळे विरोधाभास नाही.

दुबळी रेंज म्हणजे नेमकी किती दुबळी, याची कल्पना आकड्यांवरून येते. फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर गेल्यास सिग्नलची ताकद उणे ११० डीबीएम अशा आकड्यात दिसते. याचा अर्थ फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती एका वॅटचा शंभर लाख कोटीवा भाग आहे. त्याच खोलीत राउटरचा सिग्नल सहज उणे ५० डीबीएम असतो, म्हणजे दहा लाख पट अधिक. यात वायफायच्या लहरींचे काही अंगभूत श्रेष्ठत्व नाही. २.४ गिगाहर्ट्झची वायफाय लहर साडेबारा सेंटिमीटरची असते आणि भिंत ओलांडण्यात ती ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा कमीच पडते. तिची जमेची बाजू एवढीच की तिचा उगम भिंतीच्या अलीकडे आहे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. टॉवर मोठ्या आवाजात ‘बोलतो’. ४जी फोनची प्रेषण शक्ती मात्र जेमतेम एक पंचमांश वॅट असते. म्हणून पुष्कळदा पडद्यावर दोन कांड्या दिसतात, समोरच्याचा आवाज येतो, पण इकडचा आवाज तिकडे पोहोचत नाही. टॉवरला ऐकू जावे म्हणून फोन आपली शक्ती कमाल मर्यादेपर्यंत ताणतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते.

आता कायद्याकडे. घरात स्वतःचे रेडिओ यंत्र ठेवणे ही गोष्ट भारतात दीर्घकाळ परवान्याविना शक्यच नव्हती. १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम, या दोन कायद्यांनी हवेतील लहरींवर सरकारचा पूर्ण हक्क सांगितला होता. घरच्या साध्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत शुल्क भरून परवान्याच्या पुस्तकावर शिक्का घ्यावा लागे. ती पद्धत विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत टिकली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये काही पट्टे विनापरवाना दळणवळणासाठी मोकळे केले. ते पट्टे तोवर उद्योग आणि मायक्रोवेव्ह भट्ट्या यांच्यासाठी सोडलेले, म्हणजे दळणवळणाच्या दृष्टीने जवळजवळ टाकाऊच समजले जात. त्या टाकाऊ जमिनीवर १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक उभे राहिले. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला तो जानेवारी २००५ मध्ये. आज कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर विनापरवाना चालू शकतो, त्याचे श्रेय त्या रुक्ष अधिसूचनेला आहे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची व्यापक मोकळीक तर २०१८ पर्यंत लांबली.

दुसरा दरवाजा आवाजाचा होता, आणि तो अधिक कडेकोट होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या इंटरनेटवरून आवाज पाठवण्यास मात्र मनाई होती. कारण उघड होते. परदेशी फोनचे दर चढे होते, त्यांतील उत्पन्न मोठे होते आणि त्या व्यवसायाची मक्तेदारी याच निगमकडे होती. ज्या पिढीने रात्री अकरानंतरच्या पाव दरासाठी एसटीडी बूथबाहेर रांगा लावल्या, तिला हे अर्थशास्त्र वेगळे समजावण्याची गरज नाही. १ एप्रिल २००२ रोजी आंतरराष्ट्रीय दूरध्वनीची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवशी इंटरनेट टेलिफोनीलाही परवानगी मिळाली, पण अर्धीच. संगणकावरून संगणकाशी बोलता येई, संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येई, परंतु भारतातील संगणकावरून भारतातीलच दूरध्वनीवर बोलता येत नसे. पुण्यातून शिकागोला स्वस्तात फोन करता येई, साताऱ्याला नाही. तंत्रज्ञानाला असली सीमारेषा ठाऊक नसते; ती हिशेबाच्या वहीत आखलेली होती.

याच सुमारास परदेशांत या दोन्ही गोष्टी एकत्र येत होत्या. मोबाईलचा फोन परवानामुक्त पट्ट्यातून कंपनीच्या जाळ्यापर्यंत नेण्याचे तंत्र २००४ मध्ये लिहिले गेले आणि २००५ मध्ये ते जागतिक मोबाईल मानकांत समाविष्ट झाले. ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमने, अमेरिकेत २००७ साली टी-मोबाईलने घरच्या वायफायवरून चालणारे फोन बाजारात आणले. त्यासाठी खास हँडसेट लागत, ते थोडे होते आणि महागही. भारतात हे तंत्र रुजले नाही. त्याचे कारण वेगाच्या अभावात शोधण्याचा मोह होतो, पण ते तितकेसे खरे नाही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला होता. चांगल्या प्रतीचा फोनवरील आवाज सेकंदाला १२ ते २४ किलोबिटांत मावतो. वेष्टनाचा भार धरला तरी त्या जोडणीत तो आरामात बसला असता. उणीव होती ती घरोघरी तारेची, फोनमधील वायफायची आणि कंपन्यांच्या इच्छेची.

त्यात सुरक्षेची चिंता वाढली. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल पाठवला गेला आणि त्याचा माग नवी मुंबईतील एका घरच्या, पासवर्ड नसलेल्या वायफायपर्यंत लागला. त्या घराचा कटाशी संबंध नव्हता. हवा मात्र उघडी होती. त्यानंतर दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या. घरचा राउटर ही निव्वळ खासगी वस्तू नाही, ही जाणीव सरकारी विचारात त्या प्रसंगानंतर पक्की झाली.

दरम्यान रेंजचे दुखणे वाढतच होते. टॉवरच्या किरणोत्सर्गाच्या भीतीने अनेक गृहसंस्थांनी गच्चीवरचे टॉवर हटवण्याचा आग्रह धरला. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या दशांशावर आणली. टॉवर नको आणि रेंज हवी, ही मागणी एकाच सभेत, कधी एकाच तोंडून ऐकू येई. अनेकांनी बाजारातून रेंज वाढवणारी यंत्रे आणून छतावर लावली. अशी विनापरवाना रिपीटर बेकायदा आहेत आणि ती शेजारच्या टॉवरच्या कानात गोंगाट ओततात. त्यामुळे एका घराला रेंज मिळताना आजूबाजूच्या घरांची सेवा बिघडते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) एक धाडसी नियम केला : फोन मध्येच तुटला तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन वेळा. कंपन्या न्यायालयात गेल्या. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि अवाजवी ठरवून रद्द केला. फोन तुटण्याचा दोष प्रत्येक वेळी कंपनीचाच असतो असे मानता येत नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. भिंतीआडच्या दुबळ्या सिग्नलची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या निकालाने अनुत्तरित ठेवला. पुढे वायफाय कॉलिंगने त्याचे जे व्यावहारिक उत्तर दिले, ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

त्या उत्तराची तांत्रिक तयारी वेगळ्याच कारणाने झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओचे जाळे सुरू झाले. त्यात जुन्या पद्धतीचा आवाजाचा मार्गच नव्हता. प्रत्येक फोन ४जी जाळ्यावरून डेटाच्या पुडक्यांत जात असे. स्पर्धेत टिकण्यासाठी इतर कंपन्यांनाही तीच यंत्रणा उभारावी लागली. एकदा कंपनीच्या केंद्रस्थानी आवाज म्हणजे डेटाच, हे ठरले की ती पुडकी टॉवरवरून आली की कोणाच्या राउटरवरून, याने फारसा फरक पडत नाही. या बदलावाचून वायफाय कॉलिंग हा जोडून बसवलेला अवजड सांगाडा राहिला असता.

तोवर ग्राहकही बदलला होता. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरील आवाजासाठी वेगळे शुल्क जाहीर केले आणि जनक्षोभ उसळताच मागे घेतले. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलणे सुरू झाले. आवाज इंटरनेटवरून जाऊ नये हा आग्रह धरणाऱ्यांच्या हातून तो कधीच निसटला होता. आता प्रश्न उरला होता, तो दहा अंकी क्रमांकाचा. बँकेचा फोन, दवाखान्याचा फोन, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचा फोन त्या क्रमांकावर येतो, ॲपवर नाही.

हा तिसरा दरवाजा. मोबाईल कंपन्यांच्या परवान्यात इंटरनेट टेलिफोनीचा उल्लेख पूर्वीच होता. परंतु दुसऱ्याच्या तारेवरून, सार्वजनिक इंटरनेटवरून आपल्या ग्राहकाचा फोन नेता येईल की नाही, याबाबत संदिग्धता होती. ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली की ही सेवा खालच्या जाळ्यापासून मुक्त असावी, आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यात तशी दुरुस्ती केली. पुढच्याच महिन्यात भारत संचार निगमने सिमकार्डाशिवाय चालणारी ‘विंग्ज’ ही ॲपसेवा घोषित केली. फोनच्या मूळ डायलरमधून चालणारे वायफाय कॉलिंग एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणले. प्रारंभी ते फक्त स्वतःच्या ब्रॉडबँडवर चालत असे, नंतर सर्वांच्या. जिओने ८ जानेवारी २०२० रोजी ते जाहीर करताना कोणतेही वायफाय चालेल असे सांगितले. व्होडाफोन आयडियाने डिसेंबर २०२० मध्ये सुरुवात केली ती महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या परिमंडळांत. मध्यंतरी २५ मार्च २०२० पासून सारा देश घरात बंदिस्त झाला होता. कचेऱ्या, शाळा आणि डॉक्टरांचे सल्ले घरच्या आतल्या खोलीत आले, आणि जी खोली आजवर रेंजच्या नकाशावर कोणी मोजलीही नव्हती, ती कामाची जागा झाली.

या सेवेची आतली रीत सुबक आहे. फोन वायफायशी जोडला की तो इंटरनेटवरून आपल्या मोबाईल कंपनीच्या एका प्रवेशद्वाराशी संपर्क साधतो. सिमकार्डातील गुप्त किल्लीच्या आधारे दोघे एकमेकांची ओळख पटवतात आणि त्यांच्यात कूटबद्ध बोगदा तयार होतो. पुढचे सारे बोलणे त्या बोगद्यातून जाते. राउटर कोणाचा, तार कोणाची, याला महत्त्व उरत नाही. वाटेतल्या कोणालाही आतले काही वाचता येत नाही. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र फोन कंपनीच्या नेहमीच्या केंद्रात उतरतो, तेथे त्याची नोंद होते, कायद्याने मागितल्यास तपासही होऊ शकतो. ॲपवरील संभाषणाविषयी सरकारला जी धास्ती वाटत आली, ती येथे उद्भवत नाही. बोलत बोलत घराबाहेर पडल्यास, बाहेर ४जी असेल तर, फोन बोगदा सोडून टॉवरचा हात धरतो आणि संभाषण सहसा तुटत नाही.

ग्राहकाला यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत, असे सर्वच कंपन्या सांगतात. शब्दशः ते खरे आहे. पण हिशेब थोडा पुढे नेला पाहिजे. टॉवरपासून खोलीपर्यंतचा जो शेवटचा टप्पा उभारणे हे कंपनीचे काम होते, तो आता ग्राहकाच्या राउटरने, ग्राहकाच्या ब्रॉडबँडने आणि ग्राहकाच्या विजेने उभा राहतो. ज्याला ते परवडते त्याच्या दृष्टीने सौदा उत्तम आहे, यात शंका नाही. ज्याच्या घरात तार नाही, त्याला ही सोय असून नसल्यासारखी. सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यात किंवा ईशान्येच्या डोंगरात रेंज आणि ब्रॉडबँड यांचा अभाव बहुधा एकत्रच नांदतो. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे तोवर एवढ्या गावांत प्रश्न भिंतीचा नव्हताच. दुसरीकडे भारतनेट प्रकल्पाची प्रकाशीय तार दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचली आहे. ग्रामपंचायतीच्या कचेरीत तार आहे आणि टॉवरची रेंज नाही, अशा गावी बीएसएनएलची नवी सेवा खऱ्या अर्थाने कसाला लागेल, कारण तेथे गच्चीवर जाऊनही रेंज मिळत नाही.

एक बारकावा अजून मिटलेला नाही. मोबाईलवरून ११२ क्रमांक फिरवला की टॉवरवरून माणसाचा ठावठिकाणा अंदाजे कळतो. वायफाय कॉलमध्ये तो टॉवर नसतो. मदतीला येणाऱ्याला राउटरचा इंटरनेट पत्ता पुरेसा नसतो. ट्रायने २०१७ मध्ये आपत्कालीन क्रमांकांची सोय देण्यास प्रोत्साहन द्यावे असे म्हटले, सक्ती केली नाही, आणि या मर्यादांची ग्राहकांना कल्पना द्यावी असे सुचवले.

वीज गेली की राउटरही जातो. घरच्या जुन्या तारेच्या दूरध्वनीला ही अडचण नव्हती. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून त्याच तांब्याच्या तारेने घरापर्यंत येत असे, आणि भारनियमनाच्या काळोखातही त्याची घंटा वाजे. आज रेंज नसलेल्या घरात आवाजाची सारी भिस्त राउटरवर आहे, तेथे राउटरमागे ठेवलेली छोटी बॅटरी तेवढा काळ ते काम करते.